उजवी पाकळी

विठू गुरवानं पाकळी पाण्यात बुडवली आणि देवीच्या उजव्या खांद्यावर अलगद चिकटवली. मग दुसरी डाव्या खांद्यावर.

"धर आता मनात," मागे न बघता तो म्हणाला.

कृष्णनाथनं डोळे मिटले. उजवी पाकळी आधी पडली तर देवीचा होकार, डावी पडली तर नकार, हे इब्रामपुरात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. प्रश्न मोठ्यानं बोलायचा नसेल तर मनात धरायचा. त्यानं तो धरला, पण उलटा धरला. नातीला तिच्या आईकडे न्यायचं नसेल, तर उजवी दे.

ही चलाखी त्याला आदल्या दिवशी काजूच्या बागेत सुचली होती. सातेरी देवीनं त्याला उभ्या जन्मात कधी डावी दिली नव्हती. नोकरीच्या वेळी उजवी, बाग घेताना उजवी. मुलासाठी, सुदेशसाठी, गौरवीचं स्थळ आलं, तेव्हाही उजवीच. त्या उजवीचा मात्र त्याला देवीवर राग होता आणि तो तिच्यापासून लपवायचीही त्याला गरज वाटत नव्हती.

गौरवी सून म्हणून वाईट नव्हती, हेच तर अवघड होतं. त्याच्या जेवणात मिरची बेताची पडावी म्हणून ती आमटी वेगळी काढून ठेवायची. सुदेशचा दोस्त प्रज्योत दर रविवारी जेवायला यायचा. ती त्यालाही वाढायची, आणि त्या वाढण्यात काही वेगळं आहे हे घरात कुणाच्याच ध्यानात आलं नाही. तीन वर्षांपूर्वी प्रज्योत सुदेशला मासे गरवायला म्हणून नदीवर घेऊन गेला आणि एकटाच परत आला. सुदेशला मारायचा बेत तिचा आणि प्रज्योतचा होता, हे पोलिसांपुढे गौरवीनंच कबूल केलं. दोघंही तुरुंगात गेली. त्यांची तेव्हा सहा वर्षांची मुलगी सिद्धी आजोबाकडे राहिली.

आता गेल्या आठवड्यात पाळी गावाहून गौरवीची बहीण सुविधा आली होती. ओट्यावर न बसता उभ्यानंच तिनं लेकीच्या भेटीसाठीचा गौरवीचा निरोप दिला.

"तात्यानू, ती चेडवाक एकदा बघूक होया म्हणता. बाकी कायएक मागणा नाय."

"देवीक इचारतंय," कृष्णनाथ म्हणाला होता. ज्याला नाही म्हणायचंय आणि वाईटही व्हायचं नाही, तो माणूस हेच म्हणतो.

गाभाऱ्यात समई तडतडली. त्यानं डोळे उघडले. खांबाला टेकून बसलेली सिद्धी पाकळ्यांकडे टक लावून बघत होती. कुणी कशासाठी कौल लावलाय हे अख्ख्या गावाला माहीत होतं, तिला कसं नसणार?

उजवी पाकळी सुटली आणि देवीच्या पायाशी पडली.

"उजवी!" विठूचा चेहरा फुलला. त्यानं ती पाकळी कृष्णनाथच्या ओंजळीत ठेवली. "बरां झाला तात्या. देवीन दिल्यान. आता मागे-फुडे बघू नको, चेडवाक घेवन जा."

कृष्णनाथनं तोंड उघडलं. देवी नको म्हणाली, हे आता कुठल्या तोंडानं सांगायचं? प्रश्न उलटा धरला होता, असं म्हटलं तर विठू उलटा कशाला धरलास म्हणून विचारणार, आणि त्याचं उत्तर पोरीच्या देखत द्यावं लागणार. तो पाकळी घेऊन पायऱ्या उतरला. वाटेत सिद्धीनं नेहमीसारखा त्याचा हात धरला नाही.

दिवसभर तो तिच्याशी बोलायची संधी शोधत राहिला. दुपारी सांगू, चहाच्या वेळी सांगू. त्याला राग होता, पण रागाहून भीती मोठी होती. आई ती आई. एकदा तिला पाहिलं की ही पोर मनानं तिकडची होईल, आणि मग या घरात तिची वेणी घालायला शिकलेला एक म्हातारा तेवढा उरेल. तो स्वतःवर चिडला. मुलगा गेला तेव्हा एवढी भीती वाटली नव्हती, कारण तेव्हा त्याला विचारून काही घडलं नव्हतं; आता ठरवायचं त्यालाच होतं.

दुसऱ्या दिवशी तुरुंगातल्या भेटीचा वार होता. सकाळी चहा उकळतानाच त्यानं मनाशी पक्कं केलं, आता सांगायचं. देवी नको म्हणाली, बाय. तो फणी घेऊन बाहेर आला, तर सिद्धी ओट्यावर केस मोकळे सोडून बसलेली. शेजारी शाळेचं दप्तर. त्याची चेनसुद्धा लागत नव्हती, एवढं ते भरलेलं. वरून गणवेशाची बाही लोंबत होती.

"ह्यां सगळां कित्याक घेतलंस?"

"थंय लागतला मा."

"खंय?"

"आयेकडे." ती त्याच्याकडे बघत नव्हती. "तू देवीक इचारलंस मा, माका थंय रवाक धाडू काय म्हणान? देवीन होय म्हटल्यान."

कृष्णनाथ खाली बसला. फणी त्याच्या हातातच राहिली.

"आणि तुका काय होया?"

"माका आयेक बघूक होया." तिचा आवाज बारीक झाला. "पण थंय रवाक नको. तुका सकाळची गोळी कोण दितला?"

या पोरीनं कालचा अख्खा दिवस आपलं घर सुटलं म्हणून काढला होता, आणि तो समजत होता की ती आनंदानं गप्प आहे. उशिरानं का होईना, त्याला आपलीच लाज वाटली. बापाला मारणाऱ्या आईलाही बघावंसं वाटतं, एवढी जागा या चिमुरड्या जिवात होती. त्याच्यात ती नव्हती. पण तिला नेण्यापुरती जागा तर करता आली असती.

"मिया देवीक काय इचारलंय, तुका खबर आसा?"

तिनं नकारार्थी मान हलवली.

"आयेक बघून झाल्यार चेडवाक परत घरा घेवन येव काय, म्हणान इचारलंय."

साठ-पासष्ट वर्षांत सातेरीच्या नावानं तो पहिल्यांदाच खोटं बोलला होता. आवाज जराही हलला नाही.

सिद्धीनं आता त्याच्याकडे पाहिलं. "आणि उजवी पडली?"

"विठूक इचार."

तिनं दप्तर मांडीवर ओढलं, चुरगळलेला गणवेश बाहेर काढला, हातानं जमेल तसा सारखा केला आणि आत जाऊन खुंटीला अडकवला.

"बेगीन वेणी घाल," बाहेर येत ती म्हणाली, "बस चुकतली."