बर्फातल्या बारांची नोंद

"पोरी, जानेवारीत नीट चाललेलं काडतूस ऑगस्टच्या उन्हात नीट चालेलच असं नाही," शेजारचे म्हातारे थोर्वाल्ड म्हणाले, तेव्हा मारेन हसली होती. "काका, मी रसायनशास्त्र शिकलेय!"

मॉन्टॅनातल्या त्या गावात शिकारीची काडतुसं घरीच भरतात. नवरा कोल्टर बंदुकीची दारू तोलून भरायचा आणि बाळाला कडेवर घेऊन मारेन चाचणीच्या नोंदी ठेवायची. जानेवारीतल्या त्या चाचणीत बर्फात झाडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्यांवर जादा दाबाची कुठलीच खूण नव्हती. फक्त शेवटच्या बारानंतर रायफलचा बोल्ट, म्हणजे मागची खीळ, जड उघडला; दाब जास्त झाला की असं होतं. कोल्टर म्हणाला, "दारू जरा कमी करू का गं?"

"थंडीनं ग्रीस गोठलं असेल," असं मारेनच म्हणाली आणि वहीत तिने 'ठीक' लिहिलं.

ऑगस्टमध्ये त्याच दारूची उरलेली काडतुसं दुपारभर गाडीच्या काचेमागे तापली आणि दारूचा जोर आणखी वाढला. पहिल्याच बाराला पुंगळी फुटली, गरम वायू मागे उसळला आणि कोल्टरचा उजवा डोळा गेला.

"बरंच झालं, लेकीचा पसारा आता निम्माच दिसतो," तो अजूनही थट्टा करतो. मारेनला हसू येत नाही. कमी करू का, असं त्याने विचारलं होतं, हेच तिला छळत राहतं.

परवा तिने रायफल क्लबच्या पत्रकात लिहिलं: "शंका आली तर कारणं शोधू नका, थांबा. आणि तुमच्या ओळखीत कुणी घरी काडतुसं भरत असेल, तर आजच त्याच्याकडे डोकावून या, त्याला काही शंका असेल तर ती उडवून लावू नका."