चुन्याच्या बादल्या

कारखान्याच्या धुराने पाऊस आंबट झाला आणि बागेतली झाडं एकेक करून पिवळी पडली. पानांवर डाग, मुळं खुरटलेली, मातीत गांडूळ औषधालाही सापडेना. भिंतीलगतची सहा झाडं मात्र हिरवीगार होती. माळीबुवांना वाटायचं, हा आपल्याच हाताचा गुण.

माती तपासायला आलेल्या बाईंनी भिंतीजवळचं ढेकूळ बोटांनी चुरलं आणि विचारलं, “इथे चुना कोण टाकतं? त्यानेच आम्लाचा जोर मारलाय. म्हणून ही झाडं तगली.”

माळीबुवा खजील झाले. शेजारचा रंगारी रोज संध्याकाळी चुन्याच्या बादल्या तिथेच धुवायचा आणि ते रोज त्याच्यावर तोंडसुख घ्यायचे. ‘येथे बादल्या धुऊ नयेत’ ही पाटीसुद्धा त्यांनी त्याच्याकडूनच रंगवून घेतली होती!

त्या संध्याकाळी रंगारी चोरपावलांनी आला, तर पाटी उपटून झाडाखाली आडवी टाकलेली.

“बादली यावर ठेव आणि सावकाश धू,” माळीबुवा म्हणाले. “उद्यापासून पलीकडच्या झाडांपाशीही ये. तुझ्यामुळे वाचली रे ही लेकरं.”

रंगारी चाचरला. “मग अकरा वर्षं मी शिव्या खाल्ल्या, त्यांचं काय?”

“सगळ्या परत घेतल्या.” माळीबुवांनी बादली स्वतःच उचलून पाटीवर ठेवली. “एक सोडून. जाताना फाटक उघडं टाकतोस, ती शिवी खरीच आहे.”

एवढं बोलून ते गेले आणि तेच फाटक स्वतःच्या हाताने सताड उघडं करून आले.