आखूड डावी बाजू

तळव्यात घुसलेली टाचणी, न दुखणारी.

सर्जनच्या टेबलावरचा प्लास्टिकचा कणा. त्याचा एक मणका सारखा निसटतो.

उभ्याने जेवणारा मेहुणा.

कायरोप्रॅक्टरच्या पलंगाला तोंडापुरतं भोक.

जोडून सांगायचं तर, नवराबायको दोघं शिंपी, एका दुकानात, दोन मशिनी. नवऱ्याची, म्हणजे मास्तरांची, पाठ गेली. टाचणी डाव्या तळव्यात घेऊन ते दिवसभर पायडल मारत होते. रक्त बायकोला दिसलं. नोकरीवाल्या मुलीने सर्जन गाठून दिला. तो म्हणाला, मणक्यातली गादी सरकलीय, नस दबलीय, ऑपरेशन लवकर करा. मास्तरांनी ऐकून घेतलं आणि परस्पर, हाताने दाबून कणा बसवणाऱ्या कायरोप्रॅक्टरची वेळ ठरवली. मेहुणा पाठीचं ऑपरेशन झाल्यापासून बसून जेवत नाही, हे त्यांचं एकमेव कारण. बायको म्हणाली, कापून जोडायला आपण घाबरायचं? ते म्हणाले, कापड ओरडत नाही.

कायरोप्रॅक्टरच्या जिन्यात त्यांनी तिला बजावलं, पायाचं काढायचं नाही. पाठीपुरतं बोलायचं.

ती पुढे होऊन जिना चढली. आत मास्तरांनी शर्ट काढला. कायरोप्रॅक्टरने तो हँगरला अडकवला, आणि बघतच राहिला.

"डावी बाजू आखूड कशी?"

मास्तर हसले. शिंप्याच्या शर्टात खोट काढतोय. मग हँगरकडे पाहिलं. दुनियेची मापं घेतली, स्वतःचा शर्ट कधी टेबलावर पसरला नव्हता.

"मीच शिवते तसा," बायको म्हणाली. "ते डावीकडे कलतात. असा शिवला की सरळ दिसतात."

"कधीपासून?" मास्तरांनी विचारलं.

ती हँगर सरळ करत राहिली. तो सरळच होता.

"अहो, टाचणीचं सांगा. नाहीतर मी सांगते."

मास्तरांनी सांगितलं. कायरोप्रॅक्टरने डाव्या पायाचा अंगठा वर उचलायला लावला. अंगठा हलला नाही. पुन्हा. नाही.

"नुसती पाठ असती तर मी बघितलं असतं," तो म्हणाला. "पाय असा असताना मी कण्याला हात लावणार नाही. सर्जनकडे जा, आजच. उशीर झाला तर पाय असाच राहील."

बायको शर्टाची बटणं लावू लागली. मास्तर एरवी लावू देत नाहीत.

"कापून सरळ झालो तर?"

"सगळे शर्ट उसवीन."

"फोन लाव त्या सर्जनला," मास्तर म्हणाले.

डावी बाजू आखूड ठेवलेला पहिला शर्ट तिने शिवला, तेव्हा मुलगी रांगत होती.