नाचाखालचा दरवाजा

मित्रांनो, मी एक जुना दरवाजा आहे. पण मला कुणी हातांनी ठोठावत नाही, पायांनी ठोठावतात! सुतारआजोबांनी मला सागाच्या फळ्यांतून घडवलं. त्यांच्याच स्वयंपाकघराला मी तीस वर्षं इमानेइतबारे राखलं. मग फुगलो, अडू लागलो, आणि माझी रवानगी भिंतीकडेला झाली. तिथे नुसतं टेकून उभं राहायला फार वाईट वाटायचं हो.

आजोबांची सून नर्स. चाळिशी उलटल्यावर सूनबाईंनी फ्लामेंको नाच शिकायला घेतला. या नाचाच्या बुटांना टाचेला आणि चवड्याला बारीक खिळे असतात, आणि ताल पायांनीच वाजवायचा असतो. घरची फरशी त्याला कुचकामी. तेव्हा आजोबांनी मला सतरंजीवर आडवं केलं. टाच, चवडा, तळवा, बारा मात्रा! अंग ठणकायचं, पण पुन्हा कामाला आल्याचा आनंद काय सांगू!

फक्त एक खोट होती. माझं कुलूप काढलं, तिथे भोक राहिलं होतं. एकदा सूनबाईंची डावी टाच त्यात अडकली आणि पाय मुरगळला. तेव्हापासून दहाव्या मात्रेला ती टाच टेकेचना.

वर्गातल्या अखंड लाकडी जमिनीवरही टेकेना! शिकवणाऱ्या बाईंनी बजावलं, "शनिवारच्या कार्यक्रमापर्यंत दहावी वाजली नाही, तर मागे बसून नुसत्या टाळ्या द्यायच्या." सूनबाई घरी येऊन माझ्यावरच बसून रडल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गुरुवारी बाई स्वतः घरी आल्या. "नाच बघू." त्यांनी आधी पायांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि कपाळावर हात मारला. "अगं, तू माझ्या वर्गातसुद्धा हेच भोक चुकवतेस!"

"अगं बाई, खरंच की!" सूनबाई ओशाळल्या.

"चूक माझी," आजोबा म्हणाले. "सुताराच्या घरात दाराला भोक, आणि मी म्हणतोय चालतंय की!" त्यांनी लगेच सागाचा तुकडा तासला, सरस लावला आणि माझ्यात घट्ट ठोकून बसवला.

शुक्रवारी सूनबाई बिचकतच उभ्या राहिल्या. आठ, नऊ... ठक्क! दहावी वाजली. "हुश्श!" आजोबा खुर्चीत टेकले. मला बोलता येत असतं, तर मीही तेच म्हणालो असतो.

शनिवारी त्या पहिल्या रांगेत नाचल्या म्हणे. मी घरीच होतो. दरवाजाला कोण कार्यक्रमाला नेतं?

मित्रांनो, जुन्या वस्तू वापरा, खुशाल बडवा. पण त्यांची भोकं वेळेवर बुजवा. नाहीतर भोक राहतं घरी, आणि माणूस ते जगभर चुकवत फिरतो.