पाळकसाहेब गाडी लावताहेत

ब्रेकताईचं खरं नाव फक्त तिच्या आईला आणि लायसनच्या कार्यालयाला ठाऊक होतं. मामाच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये ती गाडी शिकवायची. शिकवायच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो, आणि ती तो इतक्या तत्परतेने दाबायची की शिकणाऱ्याचा चष्मा नाकावरून उडून डॅशबोर्डवर जाऊन बसायचा. म्हणून हे नाव. वय चोवीस, आवाज खणखणीत, आणि गेले आठ महिने पोटात एक गुपित.

तिला वाटत होतं, देव आपल्याला सेवेला बोलावतोय. पाळक व्हायला, म्हणजे चर्चमधला पाद्री.

हे वाटलं तेव्हा दुपारचे चार वाजले होते. बाजाराच्या मागच्या गल्लीत ती एका दातांच्या डॉक्टरला रिव्हर्स शिकवत होती. डॉक्टर घामाघूम झालेला, मागे एक सायकलवाला त्याच्या सात पिढ्यांची चौकशी करत उभा. ती सहज म्हणाली, "घाबरू नका, मी आहे ना शेजारी." आणि बोलता बोलता तिच्या छातीत काहीतरी हललं. हेच, तिला वाटलं. जन्मभर हेच करायचं, फक्त गाडीच्या बाहेर.

बस, एवढंच. ना उजेड पडला, ना आभाळातून हाक आली. चर्चच्या मंडळीतल्या बाकीच्यांच्या साक्षी, म्हणजे देव कसा भेटला त्याच्या गोष्टी, काय दणदणीत होत्या! एकाला देव विहिरीत पडल्यावर भेटला, एकाला टायफॉइडमध्ये. हिला भेटला रिव्हर्स गिअरमध्ये. हे कुठल्या तोंडाने सांगायचं? घरी येऊन तिने पित्ताची गोळी घेतली. पित्त गेलं. ते काही गेलं नाही.

शेवटी तिने पाळकसाहेबांना सांगितलं, आणि तेही गाडीतच, कारण साहेब तिचेच विद्यार्थी होते. लांब राहणाऱ्या आजारी लोकांना भेटायला जाताना साहेबांना दोन बस बदलाव्या लागत, म्हणून मंडळीने त्यांना एक जुनी गाडी दिली होती. गाडी चर्चच्या आवारात उभी राहून गंजत होती आणि साहेब लायसनच्या परीक्षेत सहा वेळा नापास झाले होते.

एवढा चांगला माणूस आणि एवढा वाईट ड्रायव्हर तिने पाहिला नव्हता. चौकात ते सगळ्यांना "आधी तुम्ही, आधी तुम्ही" म्हणत थांबायचे. एकदा वीस मिनिटं थांबले. शेवटी एक म्हैस पुढे गेली तेव्हा तिलाही त्यांनी मान लववली. हॉर्न वाजवणं त्यांना उद्धटपणाचं वाटे. ओळखीचं कुणी दिसलं की आशीर्वादाला दोन्ही हात वर.

"साहेब, स्टिअरिंग!"

"हो हो. ते राहिलंच."

आणि चढ आला की ते डोळे मिटून प्रार्थना करायचे.

"डोळे उघडे ठेवून करा ना साहेब. देव ऐकेल."

तर अशाच एका चढावर, गाडी बंद पडून मागे मोठी रांग लागलेली असताना तिने सगळं सांगून टाकलं. साहेब इतके हरखले की गाडी सुरू करायचं विसरले.

"अगं, मग अर्ज कर सेमिनरीत, पाळकांच्या कॉलेजात! माझं शिफारसपत्र लागेल. पण मंडळी चालवणाऱ्या वडीलजनांचा नियम आहे, आधी एक उपदेश मंडळीसमोर करायचा. दहा मिनिटं. या रविवारी कर."

मागून हॉर्नांचा कल्लोळ झाला. साहेबांनी आरशात पाहून प्रेमाने हात हलवला.

ब्रेकताईने तीन दिवस खपून चौदा पानांचा उपदेश लिहिला. त्यात एवढे जड शब्द घातले की पानं हातात धरवेनात. आईसमोर तालीम झाली. आई भाजी निवडत होती.

"कसा वाटला?"

"फार छान," आई म्हणाली. "कशाबद्दल होता?"

रविवारी ती पुलपिटवर, उपदेशाच्या लाकडी चौथऱ्यावर, चढली आणि तिचा तो खणखणीत आवाज खालीच कुठेतरी बाकावर राहिला. समोर दीडशे डोकी. पहिल्या रांगेत सूचनाआजी, ज्यांना जगातल्या प्रत्येक गोष्टीत एक सुधारणा सुचायची. ब्रेकताईला वाटलं, आपला सगळा ताबा सुटत चाललाय. आणि ताबा सुटला की तिचा उजवा पाय काय करायचा ते तुम्हाला माहीत आहे. पाय जाऊन पुलपिटच्या फळीवर आपटला. ठक!

"आमेन!" मागून कुणीतरी म्हणालं.

तिने वेग वाढवला. जेवढा वेग वाढे, तेवढा पाय ब्रेक शोधी. ठक! आमेन! ठक! आमेन! चौदा पानं तिने साडेचार मिनिटांत संपवली आणि धापा टाकत खाली उतरली. शेवटी शेवटी तर लोक बिचारे फळीवरच लक्ष ठेवून होते, आपली वेळ चुकू नये म्हणून.

बाहेर वडीलजनांपैकी सगळ्यात मवाळ गृहस्थ म्हणाले, "विषय चांगला होता. वेग जरा..." आणि तिचा धंदा आठवून त्यांनी वाक्य गिळलं. सूचनाआजींनी काही गिळलं नाही.

"एक शब्द कळला नाही," त्या म्हणाल्या. "आणि ती फळी मोडली तर भरून कोण देणार?"

मंगळवारी सकाळी साहेब शिकवणीला आले तेव्हा ब्रेकताईचे डोळे सुजलेले होते.

"मी अर्ज करणार नाही," ती म्हणाली. "क्लच दाबा. मला बोलावलंच नव्हतं, साहेब. पहिला गिअर टाका. माझा गैरसमज झाला. डावीकडे घ्या, डावीकडे, ही उजवी बाजू आहे."

साहेबांनी गाडी एकदाची डावीकडे घेतली. मग म्हणाले, "एकतीस वर्षं झाली मला पाळक होऊन. दर शनिवारी संध्याकाळी मला वाटतं की देवाने माझ्या शेजारच्याला हाक मारली होती आणि मी चुकून उठून उभा राहिलो."

"मग? कळलं कसं की तुम्हालाच मारली?"

"नाही कळलं. उठलो होतो, तर गेलो. अजून तरी कुणी परत पाठवलेलं नाही."

हे बोलताना ते एका बंद दुकानासमोर अदबीने थांबले होते. का, ते त्यांनाच माहीत.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. सूचनाआजींच्या सुनेचा होता. आजींच्या डोळ्यात मोतीबिंदू होता, तासाभरात ऑपरेशन होतं, आणि आजी म्हणत होत्या की साहेब येऊन प्रार्थना करत नाहीत तोवर त्या टेबलावर चढणार नाहीत.

"मी चालवते," ब्रेकताई म्हणाली.

"छे छे," साहेब म्हणाले. "आज जमतंय मला."

जमत नव्हतं. पण ते दवाखान्यापर्यंत पोचले, चाळीस मिनिटांत, पंधरा मिनिटांचा रस्ता. आवारात गाडी लावायला एकच जागा शिल्लक होती, दोन गाड्यांच्या मधली, अरुंद. साहेबांनी एकदा पुढे घेतली, एकदा मागे, आणि गाडी फाटकात आडवी उभी राहिली. वॉचमन शिट्टी फुंकत धावला.

"तू वर जा," साहेब कपाळ पुसत म्हणाले. "आजींना सांग, मी आलोच."

"साहेब, मी लावते ना गाडी. तुम्ही जा."

"परीक्षेत तू लावणार आहेस का? जा म्हणतो ना!"

एकतीस वर्षांत ते पहिल्यांदाच कुणावर ओरडले असावेत. ती जिना चढून गेली.

आजी हिरव्या झग्यात, डोक्याला टोपी बांधून खाटेवर ताठ बसल्या होत्या. तिला पाहून त्यांचा चेहरा उतरला.

"तू? साहेब कुठे आहेत?"

"गाडी लावताहेत."

"म्हणजे आज काही येत नाहीत," आजी म्हणाल्या. त्यांनी चादरीचं टोक हातात घट्ट पिरगाळलं होतं. नर्स दारात येऊन घड्याळ पाहून गेली.

"आजी, काय झालं?"

"काही नाही झालं." मग अगदी हळू: "शेजारीण सांगत होती, डोळा काढून बशीत ठेवतात. साफ करून परत बसवतात. आणि बशी पडली तर?"

ब्रेकताईला हसू आलं नाही. असा चेहरा ती रोज पाहायची, पहिल्यांदा मोठ्या रस्त्यावर गाडी काढणाऱ्यांचा. ती खाटेवर आजींच्या डाव्या बाजूला बसली. सवयीने.

"बशी नसते, आजी. डोळा जागेवरच राहतो. मी विचारून येऊ का डॉक्टरांना?"

"नको. इथेच बस." आजींनी तिचा हात धरला. "देव असेल ना गं आत?"

पुस्तकातलं काही तिला आठवेना. चौदा पानांतलं एक अक्षरही नाही.

"मला दिसलेला नाही, आजी," ती म्हणाली. "पण तो शेजारी बसलाय असं धरून मी रोज गाडी काढते. अजून तरी एकटी पडले नाही."

"हं," आजी म्हणाल्या. "कर मग तूच. पण हळू कर. रविवारसारखं नको."

तिने डोळे मिटले. "प्रभू, आजी तयार आहेत. नाही, तयार नाहीत, पण आल्या आहेत. डॉक्टरांचा हात स्थिर ठेव. आणि आजींचं तोंड अर्धा तास बंद ठेव."

आजींनी एक डोळा उघडला. "हे कशाला?"

"बोललं की डोकं हलतं."

"बरं. पुढे चल."

"आणि मला काय मागायचं ते नीट कळत नाहीये, तर तूच समजून घे. आमेन."

"आमेन," आजी म्हणाल्या. पडद्याच्या पलीकडूनही एक जाड आवाज म्हणाला, "आमेन. बाई, माझंही घ्या जरा. डावा डोळा आहे."

आजींना चाकाच्या खुर्चीवरून आत नेलं. जाता जाता त्यांनी खुर्ची ढकलणाऱ्याला चाकात तेल घालायची सूचना केली, म्हणजे त्या ठीक होत्या. ब्रेकताई पडद्यापलीकडे गेली. तिथून पुढच्या खाटेवर. मग झाडू मारणाऱ्या मावशींनी अडवलं. त्यांच्या मुलीची परीक्षा होती. ब्रेकताई गणिताच्या पेपरसाठी प्रार्थना करत होती तेव्हा साहेब वर आले. शर्ट घामाने चिंब, चेहरा लग्नातल्या नवऱ्यासारखा फुललेला.

"लावली!" ते दारातूनच ओरडले. "अकरा वेळा पुढेमागे करून, पण लावली! वॉचमनने टाळ्या वाजवल्या."

मग त्यांनी वॉर्डकडे पाहिलं. चार खाटांवरचे लोक आपापल्या पाळीची वाट पाहत होते. साहेब आत आले नाहीत. बाहेरच्या बाकावर जाऊन बसले आणि त्यांनी खिशातून पेन काढलं.

शिफारसपत्र त्यांनी तिथेच लिहिलं, औषधांच्या चिठ्ठीच्या मागे, आणि नंतर चांगल्या कागदावर उतरवून काढलं. त्यात लिहिलं होतं: 'उपदेश अजिबात येत नाही. तो आपण शिकवाल, त्यासाठीच आपली सेमिनरी आहे. घाबरलेल्या माणसाशेजारी बसता येतं. ते आपल्याला शिकवता येणार नाही, म्हणून तयार पाठवत आहे.'

सातव्या परीक्षेत साहेब पुन्हा नापास झाले. परीक्षकाने शेरा मारला, 'अतिविनम्र.' आठव्यात पास झाले, कारण त्या दिवशी रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं आणि 'आधी तुम्ही' म्हणायला कुणी सापडलंच नाही.

ब्रेकताई मुलाखतीला गेली तेव्हा लांब टेबलामागे तिघं बसले होते. मधल्या प्राचार्यबाईंनी पत्र दोनदा वाचलं आणि चष्म्यावरून पाहिलं.

"तुम्हाला देवाचं पाचारण आहे याची खात्री आहे?"

तिने खोटं बोलायचा विचार केला. उजवा पाय खाली काहीतरी शोधायला लागला, तो तिने डाव्या पायाने दाबून धरला.

"नाही, मॅडम."

"छान," प्राचार्यबाई म्हणाल्या आणि कागदावर काहीतरी लिहिलं. "खात्री असलेले यंदा एकवीस आलेत. सांभाळता सांभाळता नाकीनऊ येणार आहेत आमच्या. जूनच्या दहा तारखेला या. येताना अंथरूण आणा, इथल्या गाद्या अगदी भिकार आहेत."

घरी आईने विचारलं, "काय म्हणाले?"

"गादी आण म्हणाले."

आई एकदम रडायलाच लागली, मग डोळे पुसून माळ्यावर चढली, आणि जेवायची वेळ टळून गेली तरी दोघी मिळून कुठली गादी न्यायची यावर भांडत बसल्या.