आतली कडी

खिडकीतून खाली उभी असलेली गाडी दिसत होती. तिच्या मागच्या सीटवर माझी धाकटी बहीण बसली होती आणि तिची बॅग तिच्या मांडीवर होती. अगं, ठेव की बाजूला, अख्खी सीट रिकामी आहे, असं ओरडावंसं वाटत होतं. एरवी पोरगी एका जागी टिकत नाही म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणायचे. आज मात्र दगडासारखी बसली होती.

मॅडमनी जिना चढायच्या आधीच सांगून टाकलं होतं, "खोली ठीक वाटली तर तिची बॅग वर येईल. नाहीतर मी तिला तशीच पुढे घेऊन जाते." पुढे म्हणजे लांबच्या शहरातल्या बालगृहात. आम्ही दोघी ज्या संस्थेत वाढलो, तिथला मुलींचा विभाग बंद होत होता. मी अठरा पूर्ण करून आधीच बाहेर पडले होते. तेरा वर्षांच्या भिंगरीचं काय, ते आज ठरायचं होतं.

मॅडम नगरपालिकेच्या बालकल्याण खात्यातल्या. संस्थेतल्या आणि तिथून बाहेर पडलेल्या पोरींचं त्या बघतात. ही खोली त्यांनीच शोधून दिली, अर्धं भाडं खातं भरतं आणि इस्पितळाच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करायचं कामही त्यांच्याच शब्दामुळे लागलं. उपकार आहेत, मान्य. पण उपकार करणाऱ्यापुढे हात बांधून उभं राहायचा मला लहानपणापासूनच वीट आलाय, त्याला मी काय करू?

त्यांनी सगळं तपासलं. गॅसची नळी वाकवून पाहिली, खिडकीचे गज हलवले, नळ सोडून बंद केला. भिंगरीसाठी आणलेली गादी हाताने दाबली. मी जीव मुठीत धरून त्यांच्या मागे मागे. गादीवरच्या चादरीला एक सुरकुती शोधून दाखवा म्हणावं!

"ती शाळेतून येईल तेव्हा तू कुठे असशील?"

"सकाळची पाळी मागून घेतलीये. तिच्या आधी मी घरात."

"आजारी पडली तर?"

"धुलाईघरात सांगून ठेवलंय. सुट्टी देतील."

"आणि अभ्यास?"

"मला येतो तेवढा मी घेईन. पुढचं गणित तुमच्याकडे."

मॅडम हसल्या. मला इतकं हायसं वाटलं की मी चहाचं आधणसुद्धा ठेवलं.

नेमक्या तेव्हाच वरच्या काकू टपकल्या. काकू म्हणजे आमच्या घरमालकीणबाई. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं, पण काकूंना बोलावणं लागतच नाही. "मॅडम, पोर गुणाची आहे हो. आवाज नाही, कटकट नाही. फक्त रात्री दार लावून झोपायला सांगा तिला. सताड उघडं टाकून झोपते. कितीदा मीच खाली येऊन ओढून घेतलंय. दिवस कसे आहेत, सांगा बरं!"

भलं करायला आल्या आणि घात करून गेल्या.

मॅडमचं हसू मावळलं. "खरंय हे?"

"कडी बिघडलीये," मी थाप मारली.

मॅडमनी दार लोटून कडी सरकवली. सटकन बसली. काढली, पुन्हा लावली.

"उत्तम चाललीये. मला थापा नकोत. तेरा वर्षांची मुलगी इथे झोपणार आणि दार रात्रभर उघडं? अशी कशी ठेवू मी तिला?"

मग माझं डोकं फिरलं. "संस्थेत आमच्या दाराला आतून कडी होती का? तुम्ही यायचात ना दर महिन्याला, पाहिली कधी? न्हाणीघरालासुद्धा नव्हती! रात्रपाळीच्या मावशी फेरी मारायच्या, दार कायम उघडं. जन्मभर खोलीभर पोरींच्या श्वासांत झोपले मी. अठरा झाल्यावर तुम्ही हातात किल्ली दिलीत. गॅस कसा पेटवायचा, बँकेत कसं जायचं, सगळं शिकवलंत. आतून कडी लावून झोपायचं कसं, ते कोणी शिकवलं? ती लावली की मला वाटतं, मी इथे आत आहे हे आता कोणालाच कळणार नाही."

बोलून गेले आणि तोंडचं पाणीच पळालं. एवढे दिवस जपून वागले आणि आज सगळं स्वतःच्या जिभेने घालवलं.

मॅडमनी कडीवरून बोट फिरवलं. "आम्हाला हे सुचलंच नाही," त्या हळूच म्हणाल्या. मग खिडकीशी गेल्या आणि खाली ड्रायव्हरला हात केला. झालं, निघाली गाडी, असं मला वाटलं. मी त्यांच्या पाया पडायलाही तयार होते आणि त्या तयारीचीच मला चीड येत होती.

जिन्यावर पावलं वाजली. बॅग छातीशी धरून भिंगरी दारात उभी राहिली. मी तिच्याकडे धावले, पण मॅडमनी हात आडवा केला.

"अजून काही ठरलेलं नाही. मी बाहेर जाते, तुम्ही दोघी आत थांबा. कडी लाव. मी दार वाजवेन."

"मग उघडू?"

"ते तू ठरव. आणि आज जमलं, तरी मी पुढे न कळवता येत राहीन. दार उघडं सापडलं तर..." पुढचं त्यांनी सांगितलं नाही. मला कळलं.

दार बंद झालं. कडी सरकवली आणि खोली एकदम लहान झाली.

भिंगरीने दाराकडे पाहिलं. "ताई, मग रात्री मावशी आपल्याला बघणार कशा?"

"मावशी नाहीत इथे."

"मग कोण बघणार?"

"मी," म्हणाले, आणि ते तोंडातून निघाल्यावर मला श्वास घेता आला.

टकटक झाली. आम्ही दोघी दचकून गादीशेजारी ताठ उभ्या राहिलो, हात बाजूला, तपासणीला राहायचो तशा. मग मी दाराशी गेले आणि हात आपोआप कडीकडे गेला. तो मी मागे घेतला.

"कोण आहे?" आवाज चिरकाच निघाला.

"मी. बालकल्याण खात्यातून."

"काय काम आहे?"

मग मॅडमचा आवाज आला, जरा घोगरा. "तुमच्याकडे एक मुलगी राहायला आलीये. तिच्या शाळेचं बोलायचं होतं. आत येऊ का?"

आत येऊ का! इतक्या वर्षांत किती साहेब आले, किती मॅडम आल्या, पण आम्हाला हे कोणी विचारलं नव्हतं. माझे डोळे भरून आले. भिंगरी माझ्याकडे बघत होती, बॅग अजून तशीच धरून.

"थांबा जरा," मी म्हणाले. तिच्या हातातली बॅग घेतली, कपाटात ठेवली आणि मग कडी काढली.