मांजर सुखरूप

दाराबाहेर हवालदार बसवला होता, आणि तो बसला होता वकीलबाईंच्याच खुर्चीवर. वकीलबाई कोर्टाची पायरी कधी चढल्या नव्हत्या. इस्पितळाच्या धुलाईघरात चादरी धुणाऱ्या बाईला हे नाव पडलं ते जिभेमुळे. चादरींच्या गठ्ठ्यांतून वापरलेल्या सुया निघत आणि हातमोजे मागून मागून बायांचा घसा बसला होता. एकीला सुई टोचली, ती अंथरुणाला खिळली. तेव्हा सगळ्यांना घेऊन फाटकासमोर बसायचं वकीलबाईंनी ठरवलं, आणि नेमक्या त्याच सकाळी हा गृहस्थ जिन्यात हजर झाला.

"अटक नाही ताई," तो म्हणाला होता, "फक्त बाहेर पडायचं नाही."

"लेखी आहे का?"

"तोंडी आहे."

फोनही तोंडीच काढून नेला. तेव्हापासून रोज सकाळी तोच प्रश्न, तेच उत्तर आणि मग चहा. माणूस वाईट नव्हता, हीच तर पंचाईत. वाईट माणसावर निदान ओरडता तरी येतं. धुलाईघरातल्या बाया वर्तमानपत्रवाल्यांना जाऊन भेटल्या, तर ते "बघू" म्हणाले. बघू म्हणजे काय, हे कळायला शाळा शिकावी लागत नाही.

मग एका दुपारी राणीसाहेब अडकल्या. राणीसाहेब म्हणजे घरातली मांजर. खिडकीतून पाइपवर गेली, पाइपवरून शेजारच्या इमारतीच्या दुकानपाटीवर, आणि तिथं बसून तिनं गळा काढला. बघता बघता खाली ही गर्दी जमली. अग्निशमन दलाचा बंब आला, मागोमाग कॅमेरा घेऊन एका वाहिनीची गाडी आली. सुई टोचलेल्या बाईसाठी साधी सायकलसुद्धा आली नव्हती.

खरं तर बंबाची गरजच नव्हती. वकीलबाईंनी वाटीवर चमचा वाजवला की राणीसाहेब असतील तिथून धावत येत. सासूबाईंनी वाटी आणून सुनेच्या हातात दिली.

"वाजव गं. जीव जाईल तिचा."

"आई, ती आली की कॅमेरा गेला."

वकीलबाई वाटी मांडीवर घेऊन बसून राहिल्या. मांजरीचं ओरडणं काळजाला घरं पाडत होतं. मुक्या जिवाला आपण ओलीस धरलंय, याची त्यांना लाज वाटत होती. पण त्यांना स्वतःला धरलं होतं, त्याची लाज कुणाला वाटत होती?

थोड्या वेळानं वाहिनीची बातमीदार कॅमेरावाल्याला घेऊन जिना चढून आली. हवालदार गडबडून उठला, त्यानं साहेबांना फोन लावला. "मांजरीचंच ना? जाऊ दे," असं वरून उत्तर आलं.

वकीलबाईंनी मग काही शिल्लक ठेवलं नाही. सुया, हातमोजे, अंथरुणाला खिळलेली मैत्रीण, दारातला हा पाहुणा, सगळं सांगितलं. बातमीदार मुलगी मनापासून ऐकत होती, तिचे डोळेही भरून आले.

"काकू, सगळं घेतलंय. आता मांजरीला एकदा बोलवा ना."

"आधी हे दाखवा. मग बोलावते."

तेवढ्यात खाली गलका झाला. मांजरीचा पाय घसरला होता, ती पुढच्या पंजांवर लोंबकळत होती. वकीलबाईंच्या हातानं त्यांना विचारलंच नाही. वाटी वाजली. राणीसाहेब अंग झटकून वर चढल्या, पाइपवरून सरसर खिडकीत आल्या आणि थेट मांडीवर बसल्या. खाली टाळ्या पडल्या. चहाला उकळी यायच्या आत कॅमेरा जिना उतरून गेला होता.

संध्याकाळी हवालदारानं आपला फोन आत आणून दाखवला. पडद्यावर वकीलबाईंचं तोंड हलत होतं, आवाजाच्या जागी मंद संगीत होतं. खाली पट्टी होती: लाडक्या मांजरीसाठी मालकिणीचा टाहो, मांजर सुखरूप घरी.

"छान दिसताय, ताई," तो म्हणाला, आणि त्याला तसं खरंच वाटत होतं.

वकीलबाईंनी ती पट्टी पुन्हा एकदा वाचली.

त्याच्या हातातला फोन वाजला. "हो साहेब. सांगतो साहेब." मग त्यानं मान खाजवली.

"ताई, खिडकी लावून घ्या. मांजरीला आता बाहेर सोडायचं नाही म्हणाले. उगाच गर्दी होते."

राणीसाहेब खिडकीत बसून पाइपकडे बघत होत्या. वकीलबाई उठल्या, त्यांनी खिडकीच्या कडीवर हात ठेवला.

"लेखी आहे का?"

हवालदारानं मान खाली घातली.

"नाही ताई. तिचंही तोंडीच."